रँड वध खटला आणि द्रविड बंधूंचे हत्याप्रकरण : एक पुनर्विचार

पुणे शहराच्या आधुनिक इतिहासात २२ जून १८९७ या तारखेला असाधारण महत्त्व आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाऊसमध्ये झालेला समारंभ आटोपून परतताना प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड याच्यावर गोळी झाडण्यात आली. या घटनेवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनात 'चापेकर बंधू व रानडे' यांच्या चार फाशा एकाच प्रकरणाचा भाग म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. वस्तुतः या चारपैकी दोन फाशा रँडच्या खुनाबद्दल झालेल्याच नाहीत. प्रस्तुत निबंधात या फरकाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१८९६ च्या अखेरीस मुंबईतून पुण्यात प्लेगचा शिरकाव झाला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत झाला आणि पुण्याच्या बंदोबस्ताचे काम रँडकडे सोपविण्यात आले. घराघरांची झडती, रुग्णांना इस्पितळात व त्यांच्या आप्तांना छावणीत हलविणे, सामानाची जाळपोळ ही कामे गोऱ्या शिपायांकरवी झाली. साथ खरी होती व उपाययोजना आवश्यक होती, हे तत्कालीन मराठी पुढाऱ्यांनाही मान्य होते. लोकांचा रोष होता तो देवघर, माजघर आणि स्त्रियांची अब्रू यांची तमा न बाळगणाऱ्या शिपायांवर.

मूळ चिंचवडच्या दामोदर हरी चापेकर याची वृत्ती मात्र केवळ प्लेगच्या जाचातून घडलेली नव्हती. कीर्तनकार पित्याचा हा मुलगा. तुरुंगात त्याने लिहिलेल्या आत्मवृत्तात सैन्यात भरती होण्याची इच्छा, तरुणांना जमवून चालविलेली तालीम आणि समाजसुधारकांविषयीचा तीव्र तिटकारा या गोष्टी विस्ताराने येतात. त्याच्या चरित्रकारांनी यातील शेवटच्या भागाकडे सोयीस्कर दुर्लक्ष केलेले आढळते.

पहिला खटला

गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदराने रँडला गोळी घातली. मागील गाडीतून पत्नीसमवेत जाणारा लेफ्टनंट आयर्स्ट हा बाळकृष्ण चापेकराच्या गोळीने जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. सरकारने वीस हजार रुपयांचे इनाम जाहीर केले, शहरावर जादा पोलिसांचा खर्च लादला आणि नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून स्थानबद्ध केले. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. त्यासाठी निवडलेला 'केसरी'तील मजकूर खुनाच्या आठवडाभर आधीचा होता.

एवढे करूनही तीन महिने मारेकऱ्यांचा माग लागला नाही. शेवटी गणेश शंकर द्रविड याच्याकडून ब्रुइन या पोलीस अधिकाऱ्याला धागा मिळाला. गणेश व त्याचा भाऊ रामचंद्र हे चापेकरांच्या परिचयातले होते. दामोदर पकडला गेला आणि ८ ऑक्टोबर १८९७ रोजी मुंबईत मॅजिस्ट्रेटपुढे त्याने कबुलीजबाब दिला. पोलिसांपुढील कबुली १८७२ च्या पुरावा कायद्याने ग्राह्य ठरत नसल्याने मॅजिस्ट्रेटपुढे झालेल्या या जबाबाला फार मोल होते. खटल्यात दामोदराने तो नाकारला, तरी सरकार पक्षाची भिस्त त्याच्यावरच राहिली. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. बाळकृष्ण तोवर निजामाच्या मुलखात आश्रयाला गेला होता. तो पुढे हाती लागला.

दुसरे प्रकरण

बाळकृष्णाचा खटला उभा राहत असताना धाकटा वासुदेव पोलिसांच्या चौकशीच्या फेऱ्यात सापडला होता. भावाविरुद्ध साक्ष देण्याचा प्रसंग त्याच्यापुढे येऊन ठेपला होता. अशा स्थितीत ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री तो व महादेव विनायक रानडे वेष पालटून द्रविडांच्या घरी गेले. ब्रुइनसाहेबाने बोलावले आहे अशी बतावणी करून त्यांनी दोघा भावांना बाहेर काढले आणि वाटेत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. द्रविड बंधू वाचले नाहीत. त्यानंतर लगेचच रामा पांडू या चीफ कॉन्स्टेबलवर गोळी झाडण्याचा वासुदेवाचा प्रयत्न फसला.

या दोन प्रकरणांची जात भिन्न आहे. गणेशखिंडीत परकीय सत्तेच्या प्रतिनिधीवर शस्त्र उचलले गेले. सदाशिव पेठेत मारणारे आणि मरणारे एकाच वस्तीतले, एकाच जातिवर्गातले, परस्परांना नावाने ओळखणारे होते. द्रविडांचा उल्लेख मराठी लेखनात बहुधा 'फितूर' या एका शब्दात आटोपतो. त्यांनी माहिती दिली हे निर्विवाद आहे. परंतु ज्या राजवटीने ती माहिती इनाम लावून विकत घेतली, तिने आपल्या खबऱ्यांचे रक्षण करण्याची फारशी तजवीज ठेवली नव्हती, हेही त्याच कागदांतून दिसते. रात्री साहेबाचे बोलावणे आले म्हणताच दोघे भाऊ निःशंकपणे घराबाहेर पडले, यावरून पोलिसांशी त्यांचा संबंध किती नित्याचा झाला होता आणि धोक्याची जाणीव त्यांना किती कमी होती, याची कल्पना येते.

वासुदेवाच्या कृत्यातही केवळ सूडबुद्धी पाहणे अपुरे ठरेल. एक भाऊ फासावर गेलेला, दुसरा त्या वाटेवर, आणि स्वतःला सरकारी साक्षीदार करण्याचा घाट घातलेला, अशा कोंडीतून बाहेर पडण्याचा त्याने निवडलेला तो मार्ग होता. साक्षीच्या पिंजऱ्याऐवजी त्याने आरोपीचा पिंजरा पत्करला.

द्रविडांच्या खुनाबद्दल वासुदेव व रानडे यांना मृत्युदंड, तर त्यांचा साथीदार खंडो विष्णू साठे याला अल्पवयामुळे दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. १८९९ च्या मे महिन्यात येरवड्यात पाच दिवसांत तीन फाशा झाल्या : ८ तारखेस वासुदेव, १० तारखेस रानडे आणि १२ तारखेस बाळकृष्ण. या तिघांत गणेशखिंडीच्या खटल्यातला आरोपी बाळकृष्ण एकटाच होता आणि त्याची पाळी सर्वांत शेवटी आली.