झिजलेल्या रुपयाचा सन

आमच्या मंद्रूपपासून जवळच, भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. त्या लेखात सन नसता तर काय झालं असतं? अक्षरं जुनी आहेत एवढंच म्हणता आलं असतं. किती जुनी, यावर वाद चालत राहिले असते. सन आहे म्हणूनच तो दगड मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांच्या पंक्तीत जाऊन बसला. चांदीच्या जुन्या रुपयाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की दगड देवळात राहतो आणि रुपया हातोहाती फिरून झिजतो.

आमच्या भागात असे रुपये अजून घरोघर सापडतात. कुणाच्या देवघरात लक्ष्मीपूजनापुरते बाहेर निघतात, तर तांड्यावरच्या बायकांच्या गळ्यात कडी लावून हारात ओवलेले दिसतात. दर दिवाळीला ते राखेनं, रांगोळीनं नाहीतर दंतमंजनानं घासले जातात. बाजारात फिरून जेवढी झीज झाली नसेल, तेवढी या भक्तीनं होते! मी इतिहासाचा मास्तर, म्हणून लोक असे रुपये घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, यावरचा सन कसा काढायचा?"

सन काढण्याआधी तो नाण्यावर कधी उमटला होता का, हे पाहावं लागतं. यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार. त्याच्यावर ठसा पुरता उमटतो. मोगली किंवा पेशवाईतला रुपया मात्र हातानं पाडलेला. चांदीचा तुकडा दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालायचा. ठसा मोठा, तुकडा लहान. त्यामुळे कडेची अक्षरं आणि पुष्कळदा सनाचे आकडेही नाण्याच्या बाहेरच राहत. असा सन झिजलेला नसतो, तो त्या नाण्यावर कधी आलेलाच नसतो. तो कितीही घासला तरी निघणार नाही.

मग काय करायचं? औरंगजेबाचा रुपया घ्या. 1668 च्या तहात सोलापूरचा किल्ला आदिलशहानं मोगलांना दिला आणि पुढे सोलापूरच्या टांकसाळीतूनही औरंगजेबाच्या नावानं रुपये निघाले. या रुपयावर काळ दोनदा सांगितलेला असतो: एका बाजूला हिजरी सन, दुसऱ्या बाजूला जुलूस, म्हणजे बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष ते. औरंगजेबाची राज्यवर्षं 1 रमजान 1068 पासून मोजली जात. त्यामुळे हिजरी सनातून जुलूस वजा केला, की उत्तर 1067 किंवा 1068 येतं. समजा, हिजरी सनातला शेवटचा 7 तेवढा दिसतो आहे आणि मागे जुलूस 29 स्पष्ट आहे. मग सन 1097 च. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून 1097 ला 0.97 नं गुणून त्यात 622 मिळवायचे. उत्तर येतं 1686.

आता हे वर्ष काय सांगतं पाहा. मे 1685 मध्ये औरंगजेब सोलापुरास येऊन उतरला. विजापूरचा वेढा चालू होता. जून 1686 मध्ये तो स्वतः विजापूरकडे निघाला आणि सप्टेंबरात आदिलशाही संपली. सोलापूर–विजापूर वाट आमच्या भागातून जाते. या वाटेच्या गावात तेव्हाच्या रुपयांचं गाडगं निघालं आणि त्यातलं शेवटचं वर्ष 1097 निघालं, तर ते पुरणाऱ्यानं का पुरलं असेल याचा अंदाज बांधता येतो. एका आकड्यावरून गावाच्या इतिहासाचं एक पान उलगडू शकतं.

कलदार रुपयाची रीत वेगळी. तिथे सन पुसला तरी अक्षरं आणि चित्र साक्ष देतात. राणीछाप रुपयावर नुसतं 'क्वीन' असेल तर तो 1876 पर्यंतचा. 'एम्प्रेस' असेल तर 1877 नंतरचा. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर राजाच्या पोशाखावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला. लोकांत ओरड झाली आणि 1912 पासून हत्ती नीट काढला गेला. म्हणजे सन गेला तरी सोंड पाहून 1911 ओळखता येतं. उलट, ठळक दिसणारा सनही फसवतो. 1862 हाच सन घातलेले रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते. मुंबई टांकसाळीच्या अशा रुपयांवर सनाखाली बारीक ठिपके आहेत. त्यांवरून खरं वर्ष ताडतात.

आणि खरोखरच झिजलेला आकडा? त्याला तिरपा उजेड दाखवा. दुपारी सपाट दिसणारं जोंधळ्याचं रान मावळतीच्या उन्हात सरी-सरीनं दिसतं, तसंच हे. अंधाऱ्या खोलीत दिवा नाण्याच्या पातळीला धरून नाणं हळूहळू फिरवलं, की केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो. चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. पुष्कळदा एवढ्यानं काम भागतं.

आणखी दोन उपाय लोक सांगतात, तेजाब आणि आग. त्यामागे शास्त्र आहे. ठसा बसतो तेव्हा चांदी आतपर्यंत दबते. वरचा आकडा झिजला तरी त्याखालच्या दबलेल्या धातूवर तेजाबाचा परिणाम वेगळा होतो आणि आकड्याची छाया उमटते. झिजलेलं चांदीचं नाणं अंधारात लाल तापलेल्या लोखंडावर ठेवलं तर अक्षरं दिसू लागतात, असं डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानं 1832 मध्ये लिहून ठेवलं आहे. पण तेजाब नाण्याचा पृष्ठभाग खातं आणि आगीनं धातूतला दाब निघून जातो. पुन्हा विचारायला साक्षीदार उरत नाही. म्हणून हे घरी मुळीच करू नये.

सर्वांत भरवशाचा उपाय वेगळाच आहे: शेजारचं नाणं. एकाच ठशानं शेकडो रुपये पाडले जात. एकावर सनाचा डावा भाग येई, दुसऱ्यावर उजवा. ठशाला गेलेली चीर किंवा वेलबुट्टीतला एखादा दोष दोन्हींवर जुळला, की ठसा एकच ठरतो आणि दोन अर्धे सन जोडून पुरा सन मिळतो. पण त्यासाठी नाणी एकत्र राहायला हवीत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या सुमारे नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला होता आणि खाली नहपानाची अक्षरं डोकावत होती. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला याचा एवढा ढळढळीत पुरावा मिळाला, तो साठा एकत्र तपासता आला म्हणून. तीच नाणी दहा सराफांकडे दहा वेळा वितळली असती तर?

आपल्याकडे नांगराच्या फाळाला किंवा पायाच्या खोदकामात गाडगं लागलं, की रातोरात वाटणी होते. भीती असते की सरकार सगळं घेऊन जाईल. पण 1878 च्या निखात निधी कायद्यात जशी कलेक्टरला कळवण्याची सक्ती आहे, तसा सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्साही ठरवून दिला आहे. सरकारनं ठेवा ठेवून घेतला, तर धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश रक्कम द्यावी लागते.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. घरातला रुपया पूजेला जरूर लावा, पण घासू नका. हळदीकुंकू मऊ कापडानं टिपून घ्या. शेतात ठेवा निघाला तर धुऊ नका, वाटू नका. गाडग्यासकट ठेवा आणि तहसील कचेरीत कळवा. तुमच्या हातातल्या रुपयावर सन नसेलही, पण त्याच गाडग्यातल्या दुसऱ्या रुपयावर तो असू शकतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)