मंगळ आणि पृथ्वी : कातळ एक, घडण निराळी

मंगळाचे कवच मुख्यत्वे बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाचे आहे. महाराष्ट्राचे पठार घडविणारा काळा कातळही हाच. हैदराबादेत तारनाक्याजवळ असलेल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल विंधन केले, तेव्हा तेथे या कातळाची जाडी ३३८ मीटर भरली. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आघातविवरही याच कातळात आहे. म्हणून मंगळावरील विवरांच्या अभ्यासात ते नमुना मानले जाते.

खडक सारखा असला तरी पुढील वाटचाल वेगळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. नंतर भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकला आणि त्या लाव्हाचा स्रोत हिंदी महासागरात मागे राहिला. मंगळावर असे सरकते भूपट्ट नाहीत. तेथे एकाच जागी लाव्हा साचत जाऊन ऑलिंपस मॉन्स हा सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी उभा राहिला.

मंगळाचा व्यास पृथ्वीच्या जेमतेम निम्मा. लहान असल्यामुळे तो लवकर निवला, त्याचे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र लोपले आणि सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने वातावरण विरत गेले. आज तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

गोव्याच्या जांभ्याला आणि मंगळाच्या धुळीला तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडांनीच दिला आहे. मात्र जांभा घडण्यास उष्ण हवा आणि भरपूर पाऊस लागतो. मंगळावर पूर्वी वाहिलेल्या पाण्याची कोरडी पात्रे उरली आहेत. उरलेले पाणी मुख्यत्वे बर्फरूपात आहे.