सतरा नंबरचा फॉर्म (धाराशिव जिल्हा)

शाळा मध्येच सुटलेल्या विद्यार्थ्याला दहावी किंवा बारावीची परीक्षा खाजगीरीत्या देता यावी, यासाठी महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने ठेवलेली सोय. मंडळाच्या अर्जाच्या क्रमांकावरून हे नाव पडले. गावात ‘बाहेरून दहावी दिली’ असे म्हणतात ते याच सोयीबद्दल. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा लातूर विभागीय मंडळाखाली येतो.

दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते. बारावीसाठी अर्थातच दहावी हवी. अर्ज ऑनलाइन भरतात. विद्यार्थ्याने निवडलेली शाळा त्याचे संपर्क केंद्र होते. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापन तिथेच पार पडते. प्रश्नपत्रिका नियमित विद्यार्थ्यांचीच, उत्तीर्ण होण्याची ३५ टक्क्यांची अटही तीच आणि प्रमाणपत्रही त्याच मंडळाचे. त्यामुळे ‘बाहेरून’ केलेल्या दहावीला कमी लेखण्याची जी सवय आहे, तिला काही आधार नाही. उलट वर्गाविना, शिक्षकाविना भूमिती सोडवणाऱ्याचे कष्ट जास्तच असतात.

धाराशिवमध्ये या फॉर्मचे महत्त्व समजून घ्यायचे तर ऊसतोडीचा हंगाम पाहावा लागतो. कळंब, वाशी, भूम, परंडा या बालाघाटाच्या अंगाच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि हिशेब कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर होतो. धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली मुलगी सोबत जाते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण आठवी-नववीतली, कामाला हात लागलेली मुले बहुधा फडावरच पोचतात. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढच्या वर्गासाठी दुसरे गाव गाठावे लागते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही १४ वर्षांपर्यंतच हात धरतो. मुलींच्या बाबतीत त्याच वयात लग्नाची बोलणी सुरू होतात, हे या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे.

अडचण वेळापत्रकाची आहे. सतरा नंबरचे अर्ज साधारणपणे पावसाळ्यात भरले जातात, तेव्हा टोळीतली मुले गावात असतात. परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, पट्टा पडायच्या, म्हणजे गाळपाचा हंगाम संपायच्या, आधी येते. परीक्षेसाठी फडावरून गावी यायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी, दोन्ही अंगावर. नापास झालेल्यांसाठी जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. हंगामावरून परतलेल्या मुलाला खरा अभ्यास त्या परीक्षेआधीच्या दोन-तीन महिन्यांतच करता येतो.

दुसरा अडसर कागदाचा. अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला, म्हणजे टीसी, लागतो. तो नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक, आईचे नाव, अक्षरी जन्मतारीख असते. आधार कार्डावर जन्मतारीख किंवा नावातली एक वेलांटी वेगळी निघाली की फेऱ्या सुरू होतात. कितीतरी मुले टीसी न काढताच शाळेतून गेलेली असतात. त्यांचे नाव पटावर तसेच राहते आणि चार वर्षांनी फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा शोधाशोध होते.

समांतर वाटाही आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (स्थापना १९८९) पाच विषयांवर दहावी देते. एका प्रवेशावर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि परीक्षा एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. दरवर्षी स्थलांतर करणाऱ्याला एकेक-दोनदोन विषय सोडवत जाण्याची ही मुभा सतरा नंबरापेक्षा अधिक मानवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आता आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीचे दार उघडत आले. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. पोलीस भरतीला बारावीच लागते. ही गफलत महागात पडते.

धाराशिवच्या इतिहासात या विषयाला वेगळा पदर आहे. लोहारा तालुक्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निजामी राजवटीत, १९२१ मध्ये, सरकारी शिक्षणाबाहेर उभी राहिली. तिथे शिकवायला आलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, यांनी स्वतः असहकाराच्या काळात सरकारी शाळा सोडून राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली होती. त्यांचे शाळा सोडणे निवडीचे होते. उसाच्या फडावर जाणाऱ्या मुलीचे तसे नसते.

म्हणून या जिल्ह्यातील मुख्याध्यापकांनी जून-जुलैतच पटावरून गळालेल्या मुलांची यादी काढावी, त्यांची टीसी तयार ठेवावी आणि फॉर्मची मुदत घरी जाऊन सांगावी. टोळी एकदा निघाली की मुदत चुकते आणि त्या मुलाचे वर्ष जाते.