जुन्या स्पीकरची कड

निजामकाळातील डेक्कन रेडिओ १९५० मध्ये आकाशवाणीच्या छत्राखाली आला. त्या काळी रेडिओच्या लाकडी पेटीभोवती सारे घर कसे जमे, ते वडील नेहमी सांगत.

१९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग यांनी मांडलेले तत्त्व आजच्या बहुतेक स्पीकरांतही कायम आहे : चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे पुढेमागे होते आणि त्यास जोडलेला शंकू हवा हलवतो. म्हणून जुना स्पीकर घेताना पेटीची झिलई न पाहता शंकूची कड तपासावी. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होते. कापडाची किंवा रबराची सहसा अधिक टिकते.

मी एकदा झिलईला भुललो. घरी आल्यावर खर्जात नुसती खरखर! कड बदलून घेतली, तेव्हा वडिलांचा आवडता तंबोरा पुन्हा घुमला.

दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो. तो थोडा बाहेर सरकवावा. घरातील जुने स्पीकर भंगारात देण्यापूर्वी वाचकांनी त्यांची कड एकदा अवश्य पाहावी.