बोधाकडून आनंदाकडे : बालसाहित्यिक वासुदेव गोविंद आपटे

भीमेच्या काठी वसलेले वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे अवघ्या महाराष्ट्राला वंदनीय झाले आहे. ११ मार्च १६८९ रोजी ज्या राजाने मरण पत्करले, तो 'बुधभूषण' या संस्कृत ग्रंथाचा कर्ताही होता, हे येथे माथा टेकविणाऱ्या प्रत्येकाच्या ध्यानी असतेच असे नाही. शौर्याची स्मृती समाज आपोआप जपतो. लेखणीची स्मृती जपण्यासाठी मात्र प्रयत्न करावे लागतात. मुलांसाठी झिजलेल्या लेखणीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. बालपणी वाचलेली गोष्ट जन्मभर आठवते, पण ती लिहिणाऱ्याचे नाव वाचक मोठा होईपर्यंत विसरलेला असतो.

वढू, कोरेगाव, शिरूर या पंचक्रोशीतील मुले आज ज्या सोप्या, रसाळ मराठीतून गोष्टी वाचतात, ती मराठी आयती मिळालेली नाही. ती घडविणाऱ्यांमध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे नाव अग्रभागी आहे. विद्वानांना ते 'मराठी शब्दरत्नाकर'चे कर्ते म्हणून परिचित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ व्रत होते ते मुलांच्या 'आनंद' मासिकाचे. जैन समाजाने त्यांचे स्मरण ठेवण्यास आणखीही एक कारण आहे. जैन कुळात जन्म झालेला नसताना, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, त्यांनी जैन धर्माचा परिचय मराठी वाचकांना करून दिला होता.

पूर्वसूरींची वाटचाल

आपट्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्या आधीचा काळ पाहिला पाहिजे. मराठीत मुलांसाठी छापलेल्या आरंभीच्या पुस्तकांत तंजावरच्या सरफोजी राजांच्या प्रेरणेने १८०६ मध्ये निघालेल्या 'बालबोध मुक्तावली'चा उल्लेख केला जातो. इसापाच्या नीतिकथांचे ते भाषांतर होते. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात शाळा निघाल्या आणि त्या शाळांसाठी पुस्तके हवी झाली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बालमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तके सिद्ध केली. ही सर्व पुस्तके उपकारक होती. पण ती प्रामुख्याने शाळेच्या गरजेतून जन्मली होती. मुलाने काय शिकावे, याचा विचार त्यांत होता. मुलाला काय आवडेल, हा प्रश्न दुय्यम होता.

नियतकालिकांच्या क्षेत्रात विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये देह ठेवीपर्यंत ते एकहाती चालविले. थोर पुरुषांची चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा ऐवज ते महिन्यामागून महिना मुलांच्या हाती देत राहिले. 'बालबोध' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. मोडी लिपीच्या त्या काळात देवनागरीला बालबोध म्हणत. बालकाला सहज कळणारी लिपी आणि बालकाला केलेला बोध, असे दोन्ही अर्थ त्या एका नावात सामावले होते.

ओकांच्या या तपश्चर्येच्या आरंभानंतर पंचवीस वर्षांनी, १९०६ मध्ये, आपट्यांनी आपल्या मासिकाला नाव दिले 'आनंद'. बोधाकडून आनंदाकडे झालेला हा प्रवास केवळ नावापुरता नव्हता. मूल हे केवळ उपदेश घेणारे पात्र नसून रस घेणारा वाचक आहे, ही जाणीव मराठीत आता रुजू लागली होती.

धरणगाव ते पुणे

वासुदेव गोविंद आपटे यांचा जन्म १२ एप्रिल १८७१ रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. पुढे एकोणीस वर्षांनी बालकवी ठोमरे यांचा जन्मही याच गावी व्हावा, हा मराठी साहित्यातील एक सुंदर योग होय. आपट्यांनी १८९६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी संपादन केली. होळकरांच्या इंदुरात त्यांचे काही काळ वास्तव्य होते. इंदूर हे त्या वेळी महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषेचे मोठे केंद्र होते आणि तेथे मराठी, हिंदी आणि गुजराती भाषक शेजारी शेजारी नांदत होते. अशा ठिकाणी राहणाऱ्या अभ्यासकाची दृष्टी एका भाषेच्या वा एका पंथाच्या कुंपणात राहत नाही. आपट्यांच्या पुढील लेखनात याचा प्रत्यय येतो.

बंगाली भाषा त्यांनी केवळ वाचण्यापुरती शिकली नाही. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या आणि मराठी माणसाला बंगाली शिकता यावी म्हणून स्वतंत्र पुस्तकही रचले. बंगालमध्ये तेव्हा मुलांच्या नियतकालिकांची परंपरा बहरत होती. १८८३ मध्ये 'सखा' आणि १८९५ मध्ये 'मुकुल' ही मासिके तेथे निघाली होती. उपेंद्रकिशोर राय यांचे 'संदेश' १९१३ मध्ये निघाले. हिंदीतील 'बालसखा' १९१७ मधील. या मालिकेत 'आनंद'चे वर्ष पाहिले, म्हणजे मराठी भाषा या बाबतीत मागे राहिली नव्हती हे लक्षात येते.

'आनंद'चे व्रत

१९०६ हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. ब्रिटिश मुलखात मात्र नामदार गोखल्यांनी कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. म्हणजे 'आनंद' निघाला तेव्हा पुणे जिल्ह्यातील खेडोपाडीच्या बहुसंख्य मुलांच्या हाती पाटीही आलेली नव्हती. आरंभीच्या बालमासिकांचा वाचक हा साहजिकच पांढरपेशा, शहरी घरांतील होता, ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. परंतु ज्या दिवशी खेड्यातील मूल शाळेत येईल, त्या दिवशी त्याच्यासाठी वाचनीय असे काही तयार असणे आवश्यक होते. ती सिद्धता 'आनंद'सारख्या मासिकांनी केली.

मुलांचे मासिक चालविणे हा व्यवहारदृष्ट्या कठीण मामला असतो. प्रौढांच्या मासिकाचा वाचक वीस-पंचवीस वर्षे वर्गणी भरतो. मुलांच्या मासिकाचा वाचक चार-पाच वर्षांत मोठा होऊन निघून जातो. संपादकाला प्रत्येक पिढीशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. वाचणारे एक आणि वर्गणीचे पैसे देणारे दुसरे, म्हणून मुलाला रुचेल आणि पालकालाही पटेल असा दुहेरी तोल सांभाळावा लागतो. चित्रांशिवाय मुलांचे भागत नाही, आणि चित्रांचे ठसे करविणे त्या काळी खर्चाचे काम होते. आपटे हे काही धनवंत नव्हते. लेखणीवर संसार चालविणारे गृहस्थ होते. तरीही त्यांनी हे मासिक सोडले नाही. त्यांच्या निधनापर्यंत 'आनंद'ने जवळजवळ दोन तपे पूर्ण केली.

मासिकाच्या जोडीला त्यांनी मुलांसाठी पुस्तकेही लिहिली. 'बालभारत', 'बालभागवत' अशा पुस्तकांतून त्यांनी प्राचीन कथा मुलांच्या भाषेत उतरविल्या. हे काम वरकरणी सोपे दिसते. प्रत्यक्षात मोठ्या ग्रंथातून काय घ्यावे, काय गाळावे, क्रौर्याचे प्रसंग कसे सांगावेत आणि दहा वर्षांच्या मुलाला अडणारा शब्द कोठे बदलावा, याचा निर्णय पानोपानी घ्यावा लागतो. ज्याचे भाषेवर पूर्ण प्रभुत्व आहे, त्यालाच सोपे लिहिता येते. आपट्यांपाशी ते प्रभुत्व होते.

जैन धर्माचा जिज्ञासू अभ्यासक

आपट्यांच्या लेखनाचा एक धागा भारतातील श्रमण परंपरेशी जोडलेला आहे. १८९९ मध्ये त्यांनी सम्राट अशोकाचे चरित्र लिहिले. १९१४ मध्ये 'बौद्धपर्व' हा बौद्ध धर्माच्या इतिहासाचा विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. या दोन ग्रंथांच्या दरम्यान 'जैनधर्म' हे त्यांचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घेतली, म्हणजे या पुस्तकाचे महत्त्व कळते. एकोणिसाव्या शतकातील काही पाश्चात्त्य पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत असत. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी १८८४ मध्ये जैन सूत्रांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा गैरसमज दूर होऊ लागला. परंतु हे संशोधन इंग्रजी आणि जर्मन ग्रंथांत होते. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्या 'जैन बोधक'सारख्या पत्रांनी समाजांतर्गत जागृतीचे कार्य १८८० च्या दशकापासून आरंभिले होते. पण जैनेतर मराठी वाचकाला जैन धर्माची सरळ, निःपक्षपाती माहिती क्वचितच मिळत असे. शेजारच्या घरातील माणसांचा धर्म काय आहे, याविषयी अज्ञान आणि त्यातून येणारे पूर्वग्रह सर्वत्र होते. अशा वेळी आपट्यांनी या विषयावर व्याख्यान दिले व लेखन केले. त्यांच्या व्याख्यानाचा हिंदी अनुवाद जैन समाजात प्रसृत झाला आणि जैनेतर विद्वानांचे अभिप्राय म्हणून त्यांतील विचार पुढेही उद्धृत होत राहिले.

मुलांसाठी लिहिणे आणि परधर्माविषयी लिहिणे या दोन कामांत एक आंतरिक साम्य आहे. दोहोंत लेखकाला आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी जाऊन उभे राहावे लागते. वाचकाला काही माहीत नाही म्हणून त्याला कमी लेखायचे नाही, आणि विषय आपला नाही म्हणून त्याला उणे लेखायचे नाही. आपट्यांच्या लेखणीला हे दोन्ही साधले.

शब्दांचा कोश, शब्दांचे दान

आपट्यांनी १९१० मध्ये 'मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी' हा संग्रह प्रसिद्ध केला. १९२२ मध्ये 'मराठी शब्दरत्नाकर' हा कोश निघाला. मोल्सवर्थचा १८३१ चा सुप्रसिद्ध कोश मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत देत होता. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून निघू लागले. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच सांगणारा, शिक्षकाला व विद्यार्थ्याला हाताशी ठेवता येईल असा कोश त्यापूर्वी देण्याचे श्रेय आपट्यांकडे जाते. पुढील काळातही या कोशाच्या आवृत्त्या निघाल्या. 'सौंदर्य आणि ललितकला' (१९१९) हा कलाविचाराचा ग्रंथ आणि 'लेखनकला आणि लेखनव्यवसाय' (१९२६) हे लेखन करू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेले मार्गदर्शनपर पुस्तक, हेही त्यांचेच.

हा व्याप पाहिल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्या पंडिताने भाषेचे भांडार मोजून, निवडून ठेवले, त्यानेच ते दर महिन्याला मुलांपुढे रिते केले. मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम प्रतीचे काम आहे, उरलेल्या वेळात करण्याचे काम आहे, असा समज आजही आढळतो. आपट्यांचे चरित्र हे त्या समजाला दिलेले उत्तर आहे. जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांतील शास्त्रदानाचा, म्हणजे ज्ञानदानाचा, व्यापक अर्थ घेतला तर आपट्यांचे जीवन हे त्याचेच एक उदाहरण ठरते.

वारसा

२ फेब्रुवारी १९३० रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आपट्यांचे निधन झाले. 'आनंद' मात्र त्यांच्यानंतरही अनेक दशके चालू राहिला. गोपीनाथ तळवलकर यांनी प्रदीर्घ काळ त्याचे संपादन केले. हेच तळवलकर पुढे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील 'बालोद्यान' कार्यक्रमातील 'नाना' म्हणून घरोघरी पोहोचले. ज्या खेड्यात मासिक जात नव्हते, तेथे रेडिओ गेला. १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले आणि १९७१ मध्ये त्या मंडळाचे 'किशोर' मासिक निघाले. तेव्हा शहर आणि खेडे यांतील अंतर आणखी कमी झाले. १९०६ मध्ये लावलेल्या रोपाची सावली अशा रीतीने दूरवर पसरली.

ग्रंथभांडारांत पोथ्या रेशमी वस्त्रांत बांधून ठेवल्या गेल्या, म्हणून शतकानुशतके टिकल्या. मुलांच्या मासिकाचे नशीब निराळे असते. ते हातोहात फिरते, कोपरे दुमडले जातात, चित्रे कापून भिंतीवर लावली जातात आणि शेवटी पाने सुटी होतात. खरे तर मासिक मुलांना आवडले, याचीच ती खूण. परंतु त्यामुळेच एका मोठ्या कार्याचा पुरावा घराघरांतून नाहीसा होत जातो. आजोबा-पणजोबांच्या पेटीत, माळ्यावरच्या गाठोड्यात 'आनंद'चा एखादा जुना अंक वा बांधीव खंड निघाला, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये. तो नीट झाडून, पुसून प्रथम घरातील नातवंडांना वाचून दाखवावा आणि मग गावच्या वाचनालयात ठेवावा. ज्याने आयुष्यभर मुलांसाठी लिहिले, त्याच्या ग्रंथाचे पूजन मुलांनी तो वाचण्यातच आहे.