खडकी, आर्वी आणि 'स्वयम्': आपल्या जिल्ह्याची बिनतारी गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या रस्त्यावर दरड आली म्हणून सकाळीच निघालो. फोटो काढले, दोन गाडीवाल्यांशी बोललो, आणि बातमी पाठवायला मोबाईल काढला तर वर फुली. रेंज नाही. धरणाच्या कडेकडेने गाडी मागे घेत आलो, प्रत्येक वळणावर हात वर करून बघायचं. शेवटी पार पौडला येऊन फोटो गेले. तोवर दरड निम्मी काढून झाली होती. माझी बातमी शिळी झाली, एवढंच माझं नुकसान. पण त्या दरडीखाली कुणी असतं तर?

आणि हा तोच तालुका बरं का, ज्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे. तिथे बसून पोरं अमेरिकेतले सर्व्हर चालवतात. दुसऱ्या टोकाला बाळंतपणाची गाडी बोलवायची तर टेकाडावर चढावं लागतं.

ही गोष्ट मी ओळखीच्या एका काकांना सांगितली. काका निवृत्त आहेत, सरकारी परवानाधारक हॅम आहेत, म्हणजे हौशी रेडिओवाले. ते म्हणाले, "पत्रकार, एकदा या माझ्याबरोबर. रेंज कशाला म्हणतात ते दाखवतो."

कोळवण खोऱ्याच्या वरच्या अंगाला एका टेकडीवर गेलो. काकांच्या हातात वॉकीटॉकी आणि एक अँटेना. अँटेना कशाची, तर प्लॅस्टिकच्या पाइपावर सुताराच्या मोजपट्टीचे तुकडे लावलेले! घड्याळात बघून म्हणाले, "आलं आता, नैऋत्येकडून. झोक्यावर पोरगं बसलंय असं समजा. ते जाईल तिकडे अँटेनाचं तोंड वळवायचं." आधी नुसती खरखर. मग एकदम माणसांचे आवाज. कुणी आपलं कॉलसाइन सांगतंय, दुसरा त्याला 'ऐकू आलं' म्हणतोय. भाषेच्या हेलावरून एक जण केरळचा असावा. हे आवाज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेल्या हौशी रेडिओवरून परत फिरून येत होते. आठेक मिनिटांत स्थानक पलीकडच्या डोंगराआड गेलं आणि परत खरखर.

माझ्या मोबाईलवर तेव्हाही फुलीच होती.

त्या दिवसापासून जुनी माहिती काढत बसलोय. आणि लक्षात आलं की बिनतारी संदेशाच्या बाबतीत आपला पुणे जिल्हा साधा नाही. शंभरेक वर्षांत तो तीनदा क्षितिजापलीकडे बोललाय.

पहिल्यांदा १९२७ साली. त्या वर्षी २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत आणि इंग्लंड यांच्यातली बिनतारी तारसेवा सुरू केली. केंद्रं कुठे, तर खडकी आणि दौंड. समुद्राखालच्या केबलवर अवलंबून न राहता थेट लघुलहरींनी विलायतेशी बोलायचं, अशी ती योजना. पहिले शुभेच्छा-संदेश गेले ते व्हाइसरॉय आणि पंचम जॉर्ज यांच्यात. लक्षात घ्या, सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह थांबून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आपल्या मावळातल्या शेतकऱ्याची हाक पुण्या-मुंबईपर्यंत पोचवायला माणसं तुरुंगात गेली, आणि तिकडे खडकीहून राजाचं क्षेमकुशल लंडनला काही क्षणांत पोचायला लागलं. यंत्र आपल्या जिल्ह्यात होतं, पण ते आपलं नव्हतं.

दुसऱ्यांदा आर्वी. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे देशाचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. जवळपास ३० मीटर व्यासाची तबकडी, हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. १९७२ मध्ये आर्वीवर पोस्टाचं तिकीट निघालं. परदेशी ट्रंककॉल, टेलेक्स त्या तबकडीतून जायला लागले. हे यंत्र आपल्या देशाचं होतं, अभिमान वाटावा असंच. पण पुन्हा तेच. शेजारच्या गावातल्या माणसाने तबकडी लांबून बघायची, पोरांना सहलीला न्यायचं. तिच्याशी बोलायचं काम साहेबांचं.

तिसऱ्यांदा जे झालं ते वेगळं होतं. त्यासाठी आधी हौशी उपग्रहांची गोष्ट थोडक्यात सांगतो.

रशियाने स्पुटनिक सोडला ४ ऑक्टोबर १९५७ ला. त्यानंतर चार वर्षांत, १२ डिसेंबर १९६१ ला, कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी आपला स्वतःचा उपग्रह आकाशात पाठवला. नाव ऑस्कर-१. वजन साडेचार किलोच्या आसपास. अमेरिकन लष्कराच्या उपग्रहाबरोबर जागा मागून घेतलेली, म्हणजे टेम्पोत मागे बसून जावं तसा. तो एकच गोष्ट करायचा, मोर्स भाषेत 'हाय' म्हणायचा. चार टिंबं आणि दोन टिंबं. पण त्यातही शहाणपण होतं. उपग्रहाच्या आतल्या तापमानाप्रमाणे 'हाय'चा वेग बदलायचा, त्यामुळे नुसतं घड्याळ लावून ऐकणाऱ्याला वर किती गरम आहे ते कळायचं. २८ देशांतल्या साडेपाचशेहून जास्त हौशी लोकांनी तो ऐकून नोंदी पाठवल्या. अवकाश फक्त सरकारचं नाही, हे त्या चार अन् दोन टिंबांनी सांगितलं.

भारताचा नंबर लागला ५ मे २००५ ला. त्याच्या आधी चार-पाच महिन्यांत काय झालं होतं ते आठवा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्याबरोबर हॅम मंडळींचा एक गट अंदमानात, पोर्ट ब्लेअरला होता. गेले होते हौशी संपर्काच्या मोहिमेवर. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन गेले. मग हीच मंडळी आपले रेडिओ घेऊन निरोप्याचं काम करत राहिली. कोण जिवंत, कोण कुठे, काय हवंय.

आणि मग पुढच्या मे महिन्यात श्रीहरीकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ उडालं, राष्ट्रपती कलाम समोर असताना. मुख्य उपग्रह कार्टोसॅट-१. त्याच्या सोबत ४२.५ किलोचा हॅमसॅट. इस्रोने हौशी मंडळींसाठी बनवलेला. त्यावर दोन ट्रान्सपाँडर होते, एक आपल्याकडचा आणि दुसरा विल्यम लेयेनार नावाच्या डच विद्यार्थ्याने बनवलेला. कुणीही परवानाधारकाने खालून बोलावं, वरून ते दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात ऐकू जावं. फुकट. दोन वर्षं चालेल असं धरलं होतं, नऊ वर्षं चालला. शेवटी बॅटरी गेली आणि ११ जुलै २०१४ ला त्याचं काम संपल्याचं जाहीर झालं.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी माळीण झालं.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुका, आपलाच जिल्हा. डोंगर खाली आला, दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. आणि जगाला कळलं कसं? एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला दिसलं की जिथे गाव होतं तिथे गाव नाही. बातमी एसटीने आणली. मोबाईल येऊन वीस वर्षं होत आली होती तेव्हा.

आता मी पत्रकार आहे, उगाच ओढूनताणून संबंध जोडणार नाही. हॅमसॅट चालू असता तरी माळीण वाचलं नसतं. त्या गावात बोलणारा कुणी उरायला हवा होता, त्याच्याकडे रेडिओ हवा होता, त्याला तो वापरता यायला हवा होता. पण मुद्दा तोच आहे. वर उपग्रह असून भागत नाही, खाली माणूस लागतो.

आता तिसरी वेळ. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी, १८५४ पासूनचं. तिथल्या पोरापोरींनी २००८ च्या सुमारास ठरवलं की आपण उपग्रह बनवायचा. एक बॅच पास होऊन गेली, दुसरीने वह्या हातात घेतल्या, मग तिसरी. ज्यांनी सुरुवात केली ते नोकरीला लागले, लग्नं झाली, आणि तरी काम चालूच. शेवटी २२ जून २०१६ ला सकाळी पीएसएलव्ही-सी३४ ने 'स्वयम्' वर नेला. दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा, वजन एक किलोला दहा ग्रॅम कमी. साखरेचा पुडा जड भरेल.

त्या रॉकेटवर एकूण २० उपग्रह होते. सव्वासातशे किलोचा कार्टोसॅट, अमेरिकन कंपनीचे डझनभर फोटो काढणारे उपग्रह, एक तर तेव्हा गूगलच्या मालकीच्या कंपनीचा. त्या सगळ्या शेठजींच्या पंगतीत पुण्याच्या कॉलेजचा हा डबा.

तो काय करणार होता? चिठ्ठी पोचवणार होता. खालून हॅमने निरोप पाठवायचा, 'स्वयम्'ने तो पोटात ठेवायचा, आणि फिरत फिरत दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर आला की द्यायचा. आपण पूर्वी एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचो, "पुढच्या स्टँडवर आमचा माणूस येईल" म्हणून, अगदी तसंच. फक्त ही एसटी ५०० किलोमीटर उंचीवरून जाणारी आणि दिवसात पंधरा फेऱ्या मारणारी. डब्याचं तोंड नीट राहावं म्हणून मोटर नाही, इंधन नाही. आत लोहचुंबक बसवलं. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकाकडे वळते तसा उपग्रहच वळतो, आणि त्याचं डुलणं थांबवायला खास धातूच्या कांड्या. वीज न खाता दिशा धरायची. गरिबीतली हुशारी, अस्सल आपली.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा दहा किलोचा 'प्रथम' गेला. २०१९ च्या १ एप्रिलला पीएसएलव्ही-सी४५ च्या वर फिरत राहिलेल्या चौथ्या टप्प्यावरच ॲमसॅट-इंडियाचं छोट्या संदेशांचं यंत्र बसवून पाठवलं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून भारतातल्या मुलांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच. म्हणजे गोष्ट थांबलेली नाही.

पण माझ्या तालुक्यात ती सुरूच झालेली नाही, हे माझं दुखणं आहे.

काकांना मी सरळ विचारलं, "उद्या ताम्हिणीत काही झालं तर हे तुमचं अंतराळ स्थानक उपयोगी पडेल का?" काका म्हणाले, "खरं सांगू? फार नाही. ते दिवसातून चार-सहा वेळा येणार, दहा मिनिटं थांबणार, तेही तुमच्या खोऱ्यात दोन्हीकडे डोंगर म्हणून निम्मंच दिसणार. संकट काय वेळापत्रक बघून येतं? तिथे टेकडीवरचा साधा रेडिओ आणि तो चालवणारा माणूस जास्त उपयोगाचा. उपग्रहाने माणूस तयार होतो. ज्याला हातात अँटेना धरून, पळत्या उपग्रहाची फ्रिक्वेन्सी सरकवत, दहा मिनिटांत नेमकं बोलता येतं, त्याला संकटात घाम फुटत नाही."

मला वाटतं, शंभर वर्षांच्या या गोष्टीचं सार काकांच्या त्या वाक्यात आहे. खडकीने साम्राज्य बोललं, आर्वीने सरकार बोललं. 'स्वयम्'च्या वेळी पहिल्यांदा विशी-बाविशीतली पोरं बोलली, आणि ती बोलणार होती तुमच्या-माझ्यासारख्याशी. डबा काही कायम राहत नसतो. त्या उंचीवरही विरळ हवा असते, ती हळूहळू खाली ओढते. राहतात ती शिकलेली माणसं. आणि ती जिथे तयार व्हायला हवीत, तिथे आपण पोचलेलो नाही.

परवाना मिळवणं अशक्य नाही. वय बारा वर्षं पूर्ण हवं. परीक्षा केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची, विजेची आणि रेडिओची तोंडओळख आणि नियम. पहिल्या पायरीला मोर्ससुद्धा लागत नाही. दहावीचं विज्ञान नीट शिकलेल्या पोराला जमेल. परवान्याशिवाय बोलायचं मात्र नाही, हे आधीच सांगतो.

जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तो आपण विसरलेलो नाही. टॉवर मागा, जरूर मागा, मीही बातम्या देत राहीन. पण वीज गेली आणि जनरेटरचं डिझेल संपलं की टॉवरही गप्प बसतो. तेव्हा धरणाच्या मागच्या गावांत, कोळवणात, मोसे खोऱ्यात प्रत्येकी दोन जण असावेत, ज्यांच्याकडे परवाना आहे, चार्ज केलेला सेट आहे आणि सवय आहे. एवढंच मागणं आहे.

काका महिन्यातून एका रविवारी टेकडीवर यायला तयार आहेत. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी, मॅडमनी मला निरोप द्यावा. मोजपट्टी मी आणतो. पाइप कुणाच्या तरी गोठ्यात पडलेला असेलच.