चिठ्ठी बदललेलं झुडूप

मंडळी, वांगं, मिरची, टोमॅटो ही एकाच कुळातली भावंडं. शिक्षकबंधूंनी हे वर्गात शिकवलंच असेल. त्यांचं एक चुलत भावंड चीनमध्ये आहे. तिथले लोक त्याला 'गोउची' म्हणतात. झुडूप काटेरी, फूल जांभळं, फळ लाल नि लांबट. वाळलं की मनुक्यासारखं सुरकुततं.

याचं नावाजलेलं ठिकाण म्हणजे वायव्य चीनमधला निंग्श्या प्रदेश, त्यातही चुंगनिंग तालुका. मुलूख कोरडा, पण पीत नदीचे कालवे तिथं दोन हजार वर्षांपासून खेळताहेत. त्या पाण्यावर हे पीक उभं राहतं. तोडणी मोठी जिकिरीची, बरं का! सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झुडपाकडे पुनःपुन्हा जावं लागतं. ओलं फळ चेंगरलं तर काळं पडतं नि भाव उतरतो. म्हणून हलक्या हातानं खुडायचं नि पातळ पसरून वाळवायचं.

ली शी-चेन या वैद्यानं १५७८ मध्ये पुरा केलेला औषधींचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५९६ मध्ये छापला गेला. त्यात गोउची आहे. चिनी वैद्य फळ देतात ते डोळ्यांसाठी नि शक्तीसाठी. मुळाची साल देतात ती अंगातला ताप उतरवायला. घरोघरी मात्र मूठभर फळं पेजेत नि सुपात पडतात, किंवा शेवंतीच्या फुलांबरोबर चहात. औषध नि अन्न यांत तिथं कुंपण नाही.

आता गंमत ऐका. अठराव्या शतकात हे झुडूप इंग्लंडात पोचलं. आर्गाइलच्या ड्यूकला झाडांची हौस. सांगतात, की त्याच्याकडे चहाचं रोप नि हे रोप आलं, आणि दोघांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. चूक उमगली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. इंग्लंडात आजही याला 'ड्यूक ऑफ आर्गाइलचं चहाचं झाड' म्हणतात!

ती चूक निरुपद्रवी होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी व्यापाऱ्यांनी लावलेली चिठ्ठी तशी नव्हे. 'गोउची'चं 'गोजी' झालं, निंग्श्याच्या कालव्याकाठचा माल 'हिमालयातलं तिबेटी फळ' म्हणून खपू लागला. १९३३ मध्ये वारलेल्या ली चिंग-युन नावाच्या चिनी माणसाचं वय अडीचशेच्या वर होतं, ही दंतकथाही जाहिरातीत आली. त्या शेतकऱ्याच्या मेहनतीला असल्या थापांची गरज नव्हती, असं मला वाटतं.

थापांपायी खरी गोष्ट मागे पडते. २००१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एकसष्ट वर्षांच्या एका चिनी बाईंची हकिकत छापून आली. रक्त गोठू नये म्हणून त्या वॉरफरिन घेत होत्या. गोउचीचा दाट काढा रोज पिऊ लागल्या, नि औषधाचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढला. काढा थांबवल्यावर सगळं ठिकाणावर आलं. आपल्याकडेही हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रोग्यांना या जातीची औषधं देतात. अशा घरात गोजीची पुडी आली, तर ती आधी डॉक्टरांना दाखवावी.